सर्किटस्केप रिव्ह्यू: फुलपाखरांच्या वाटा शोधायला हे सॉफ्टवेअर कितपत कामाचं?

आधी निकाल सांगून टाकते, घाईत असलेल्यांना उगाच खालपर्यंत स्क्रोल करायला नको. सर्किटस्केप चांगलं आहे, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि जमिनीच्या तुकड्यातुकड्यांमधून प्राणी कसे जात असतील याचा अंदाज बांधायला आज जी साधनं मिळतात त्यातलं एक भरवशाचं साधन आहे. पाचपैकी चार स्टार. पाचवा कापलाय तो फुलपाखरांसाठी ते ज्या पद्धतीने सर्रास वापरलं जातं त्यामुळे, आता तो दोष सॉफ्टवेअरचा धरायचा की वापरणाऱ्यांचा हे तुम्हीच वाचून ठरवा.

ज्यांनी नावच ऐकलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रॅड मॅक्रे नावाचा माणूस, आधी इलेक्ट्रॉनिक्सवाला इंजिनिअर आणि नंतर परिसंस्थेचा अभ्यासक झालेला, त्याच्या डोक्यात आलं की जमिनीचा नकाशा म्हणजे एक भलंमोठं सर्किट समजलं तर? नकाशाचा प्रत्येक पिक्सेल शेजारच्या पिक्सेलला रेझिस्टरने जोडलेला, जिथून जाणं सोपं तिथे रेझिस्टन्स कमी आणि जिथून जाणं कठीण तिथे जास्त, मग एका अधिवासाच्या तुकड्यात करंट सोडायचा, दुसरा तुकडा अर्थिंगला जोडायचा आणि करंट कुठून कुठून वाहतो ते बघायचं. २००६ मध्ये त्याचा यावरचा पहिला मोठा पेपर आला, २००७ मध्ये दुसरा ज्यात वुल्व्हरिन नावाचा प्राणी आणि महोगनीची झाडं यांच्या जनुकांच्या देवाणघेवाणीवर हेच गणित लावून बघितलं होतं, आणि २००८ मध्ये इतरांबरोबर लिहिलेला तो पेपर ज्याचा संदर्भ या विषयातला जवळजवळ प्रत्येक जण देतो. त्यात विरल शहा पण आहेत, ज्युलिया ही प्रोग्रॅमिंग भाषा बनवणाऱ्यांपैकी एक. मॅक्रे २०१७ मध्ये गेले, पण सॉफ्टवेअर थांबलं नाही, पायथनमधून ज्युलियात नव्याने लिहिलं गेलं आणि वेग बराच वाढला.

यात भारी काय आहे ते आधी सांगते, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे.

याच्या आधी लोक काय करायचे, तर दोन अधिवासांच्या मधली सगळ्यात स्वस्त वाट काढायचे, लीस्ट कॉस्ट पाथ. नकाशावर एक बारीक रेघ यायची आणि रिपोर्टमध्ये त्या रेघेला कॉरिडॉर, म्हणजे ये-जा करायचा पट्टा, म्हणायचं, झालं काम. आता फुलपाखराला कुठे माहिती असतं की अख्ख्या नकाशावरची सगळ्यात स्वस्त वाट कोणती? त्याला समोरचं थोडंसं दिसतं तेवढंच, पलीकडे कुरण आहे का डांबर आहे हे तिथे पोचल्यावरच कळतं. सर्किटच्या गणितात असा सर्वज्ञ प्रवासी गृहीत धरलेला नाही. करंट सगळ्या वाटांनी वाहतो, सोप्या वाटेने जास्त आणि अवघड वाटेने कमी, आणि दोन वाटा समांतर असतील तर एकूण रोध (रेझिस्टन्सच) कमी होतो, शाळेतल्या फिजिक्समध्ये होतं तसंच. म्हणजे एकच रुंद वाट आणि तीन-चार वेगवेगळ्या बारक्या वाटा यातला फरक या गणिताला समजतो. अधिवास जोडलेला ठेवायचा म्हणजे एकच जोडणी न ठेवता दोन-चार ठेवणं किती महत्त्वाचं हे एका आकड्यात दिसतं, हे मला फार आवडतं.

अजून एक गोष्ट, करंटच्या नकाशाचा अर्थ लावायला पक्का गणिती आधार आहे. कुठल्यातरी पिक्सेलमधून अमुक इतका करंट जातो म्हणजे दिशाहीन भटकणारा प्रवासी इथून तिथे पोचेपर्यंत त्या पिक्सेलमधून निव्वळ किती वेळा जाईल त्याचा अंदाज. आणि दोन तुकड्यांमधला इफेक्टिव्ह रेझिस्टन्स, म्हणजे सगळ्या वाटा मिळूनचा एकूण रोध, हा जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेशी जोडलेला आहे. म्हणून तो जनुकीय अंतराशी, म्हणजे दोन ठिकाणच्या प्राण्यांच्या जनुकांमधल्या फरकाशी, ताडून बघता येतो, लोकांनी तसं केलंय पण. पण त्यातला "दिशाहीन भटकणारा" हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्यावर मी परत येणार आहे.

वापरायला कसं आहे? ठीक आहे. ज्युलिया टाकायचं, त्यात पॅकेज टाकायचं, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सेटिंग लिहायच्या आणि चालवायचं. पायथनच्या जुन्या आवृत्तीला बटणं-खिडक्या होत्या, नव्यात तसलं काही शोधू नका, ज्यांना कमांड लिहायची भीती वाटते त्यांना सुरुवातीला जड जाईल. नकाशा आस्की ग्रिड किंवा जिओटिफ या प्रकारच्या फाइलमध्ये द्यायचा, अधिवासाचे तुकडे वेगळ्या फाइलमध्ये. चार मोड आहेत, दोन-दोन तुकड्यांच्या जोड्या लावणारा पेअरवाइज, एकातून सगळ्यांकडे, सगळ्यांतून एकाकडे, आणि चौथा ॲडव्हान्स्ड ज्यात सोर्स (करंट सोडायची जागा) आणि ग्राउंड (अर्थिंगची जागा) तुम्ही स्वतः ठरवता. बहुतेक जण पेअरवाइजच्या पुढे जात नाहीत, पण तुकडे खूप असतील तर त्याच्या जोड्या भराभर वाढतात आणि कॉम्प्युटर बसतो. नकाशा मोठा आणि पिक्सेल बारीक असला की रॅम खातं हे पण आधीच समजून चला. गणित सोडवायच्या दोन पद्धती दिल्यात, छोट्या-मध्यम नकाशाला चॉलमॉडवाली पद्धत वेगवान पडते पण मेमरी जास्त घेते, मोठ्याला दुसरीच घ्यावी. एवढं सेटिंगचं पुरे.

आता मुद्द्याचं. हे सगळं सॉफ्टवेअर एका गोष्टीवर उभं आहे आणि ती गोष्ट सॉफ्टवेअर तुम्हाला देत नाही, ती म्हणजे रेझिस्टन्सचे आकडे. जंगलाला किती द्यायचे, शेताला किती, रस्त्याला किती, पाण्याला किती. हे आकडे कुठून आणायचे? आणि इथेच फुलपाखरांच्या बाबतीत सगळा गोंधळ सुरू होतो. बरेच लोक (नावं नाही घेत, पण रिपोर्ट वाचणाऱ्यांना कळेल) काय करतात, अमुक फुलपाखरू कुठे कुठे सापडलं त्यावरून अधिवास किती योग्य याचा नकाशा बनवतात, तो उलटा करतात, म्हणजे जिथे योग्यता जास्त तिथे रोध कमी, आणि टाकतात सर्किटस्केपमध्ये. सुंदर रंगीत नकाशा येतो बाहेर. मोठ्या सस्तन प्राण्यांना हे कदाचित थोडंफार चालून जात असेल, फुलपाखरांना असं केलं की नकाशा चक्क उलटा निघू शकतो.

का ते सांगते. अमेरिकेत ओरेगनच्या विलामेट खोऱ्यात फेंडर्स ब्लू नावाचं छोटं निळं फुलपाखरू आहे, किनकेड ल्युपिन या रोपावर त्याचे सुरवंट वाढतात, आणि तिथली जुनी गवताळ माळरानं बहुतेक नाहीशी झाल्यामुळे ते तुकड्यातुकड्यांत उरलंय. ते नामशेष झालं असंच धरून चालले होते, १९८९ मध्ये परत सापडलं, २००० मध्ये धोक्यातलं म्हणून कायद्याने जाहीर झालं आणि २०२३ मध्ये एक पायरी खाली आणलं गेलं, म्हणजे स्थिती सुधारतेय. शेरिल शुल्ट्झ यांनी या फुलपाखरांच्या मागे फिरून ती कशी उडतात याच्या नोंदी केल्या, आणि त्यात दिसलं की ल्युपिनच्या तुकड्यात ती हळू, वळत वळत, थांबत थांबत उडतात आणि तुकड्याबाहेर पडली की झपाट्याने अंतर कापतात. आता विचार करा, जिथे योग्यता सगळ्यात कमी तिथे हालचाल सगळ्यात वेगवान. भर दुपारी अनवाणी माणूस तापलेला डांबरी रस्ता ओलांडताना रमतगमत जातो का? तसंच. आणि तुम्ही योग्यतेचा नकाशा उलटा करून नेमक्या त्याच मोकळ्या जागेला सगळ्यात जास्त रोध दिलेला असतो.

अर्थात गोष्ट एवढीच सरळ असती तर रोध उलटा करून मोकळे झालो असतो. मोकळ्या जागेतून उडणं सोपं असलं तरी त्या जागेत शिरायचं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. हीच फेंडर्स ब्लू ल्युपिनच्या कडेजवळ असताना परत तुकड्याकडे वळण्याकडे झुकतात, म्हणजे अडथळा जमिनीत कमी आणि काठावर जास्त. एकदा काठ ओलांडला की पुढे सुसाट. सर्किटस्केपमध्ये काठ नावाची वस्तूच नाही, पिक्सेलला आकडा असतो, दोन पिक्सेलमधली जोडणी त्या दोन आकड्यांची सरासरी घेऊन ठरते. तुम्हाला काठाचा अडथळा दाखवायचा असेल तर काठावर वेगळी पिक्सेलची रांग काढून तिला वेगळा आकडा द्यावा लागतो, आणि तरीही आतून बाहेर जाण्याचा आणि बाहेरून आत येण्याचा रोध एकच राहणार. फुलपाखराला आत येणं सोपं, बाहेर जाणं अवघड. करंटला दोन्ही सारखंच.

हा सममितीचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. वाऱ्याचं घ्या. वाऱ्याबरोबर जाणं आणि वाऱ्याविरुद्ध जाणं यात फुलपाखराच्या दृष्टीने केवढा फरक आहे. उताराचं घ्या. बऱ्याच जातींचे नर टेकडीच्या माथ्यावर जमतात, माद्या जोडीदार शोधायला वर जातात आणि मीलन झालं की अंडी घालायला परत खाली. इस्राएलमध्ये मेलिटिया ट्रिव्हिया या फुलपाखरावर गाय पेअर आणि सहकाऱ्यांनी हेच बघितलं, जमिनीचा उंचसखलपणा आणि फुलपाखरांचा वर जाण्याचा कल एवढ्या दोन गोष्टी मॉडेलमध्ये घातल्या तर फुलपाखरांचे प्रवाह ठराविक वाटांनी जायला लागले. त्या वाटांवर अधिवास वगैरे काही नाही, नकाशावर कॉरिडॉर म्हणून कुणी दाखवणार नाही अशा जागा, फक्त जमिनीच्या आकारामुळे तयार झालेल्या. त्याला त्यांनी आभासी कॉरिडॉर म्हटलं. जमीन कशी आहे याचा विचार करताना आपण नेहमी जंगल, शेत, घरं एवढंच बघतो, चढउताराकडे लक्षच जात नाही. माझ्या मते ज्यांच्या भागात डोंगर-टेकड्या आहेत त्यांनी हे आधी वाचावं आणि मग सॉफ्टवेअर उघडावं.

मग रोधाचे आकडे खरेखुरे मोजता येतात का? येतात, आणि त्याचं माझं आवडतं उदाहरण टेलर रिकेट्स यांचं २००१ चं काम. कोलोरॅडोत डोंगरातली कुरणं, कुरणांच्या मधे दोन प्रकारची जमीन, काही ठिकाणी विलोची झुडपं आणि काही ठिकाणी सूचिपर्णी झाडांचं जंगल. त्यांनी फुलपाखरं पकडून, खूण करून, सोडून, परत पकडून हिशेब लावला की या दोनातून जाणं किती अवघड. सहापैकी चार गटांना सूचिपर्णी जंगल हे विलोपेक्षा ३ ते १२ पट जास्त अडवणारं निघालं. उरलेल्या दोन गटांना फारसा फरकच नव्हता! म्हणजे एकाच डोंगरावर, त्याच झाडांतून, त्याच मोसमात उडणाऱ्या फुलपाखरांच्या दोन गटांना जमीन वेगवेगळी "वाटते". आणि लोक "फुलपाखरांसाठी" म्हणून एकच रोध नकाशा बनवतात, सगळ्या जातींना मिळून. कसं चालेल सांगा.

याच धर्तीचं कॅनडातल्या आल्बर्टात पार्नासियस स्मिन्थियस या उंचावरच्या पांढऱ्या फुलपाखरावर झालंय. तिथे डोंगरमाथ्यावर मोकळी कुरणं आणि मधे जंगल, फुलपाखरं कुरणातून सहज जातात आणि जंगलातून नाखुशीने, आणि कुरणांमधलं जनुकीय अंतरही मधे किती जंगल आहे त्याच्याशी जुळतं. म्हणजे डोळ्यांनी बघितलेली हालचाल आणि जनुकांतून दिसणारी हालचाल दोन्ही एकच गोष्ट सांगतात, असं जुळून येणं तसं नेहमी होत नाही. तिथे झाडांची रेषा वर सरकली की कुरणं आकसतात आणि मधलं जंगल वाढतं, म्हणजे दोन्हीकडून मार. अशा ठिकाणी सर्किटस्केप खरंच शोभतं, कारण अडवणारी जमीन एक, सोपी जमीन एक, फरक स्पष्ट आणि आकडा प्रत्यक्ष मोजलेला.

बरं, एकाच जातीला तरी एकच आकडा चालेल का? त्याचीही खात्री नाही. स्पेकल्ड वुड हे युरोपातलं झाडीतलं फुलपाखरू, बेल्जियममध्ये त्याच्यावर हान्स व्हॅन डाइक आणि थॉमस मर्क्स यांनी प्रयोग केले. सलग जंगलातली आणि तुकड्यातुकड्यांच्या शेतजमिनीतली फुलपाखरं उघड्या जागेत सोडून बघितली तर तुकड्यांच्या जमिनीतल्या फुलपाखरांना लांबून झाडी सापडली. म्हणजे तुकड्यांत राहून जगणाऱ्यांची नजर म्हणा, वागणूक म्हणा, वेगळी झालेली. तीच जात, वेगळा रोध.

आता त्या "दिशाहीन भटकणाऱ्या" प्रवाशाकडे येऊ. करंटमागचा प्रवासी प्रत्येक पावलाला मागचं सगळं विसरतो. फुलपाखरं तशी नसतात. १९८३ मध्येच करीव्हा आणि शिगेसादा यांनी कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या उड्डाणाच्या नोंदींवरून दाखवलं होतं की एका उड्डाणाची दिशा मागच्या उड्डाणाच्या दिशेशी जोडलेली असते, साधारण पुढेच जात राहतात. मेडो ब्राउन आणि गेटकीपर या दोन ब्रिटिश जातींवरचं काम तर अजून मजेशीर आहे, अनोळखी जागी सोडलेली फुलपाखरं भरकटत न जाता सोडलेल्या जागेभोवती मोठे मोठे फेरे मारतात आणि परत येतात, म्हणजे पद्धतशीर शोध. असा शोधणारा प्राणी जवळचा तुकडा नक्की शोधेल आणि लांबचा तुकडा चुकवेल. करंट मात्र लांबपर्यंत थोडा थोडा झिरपत राहतो, कारण तो संपत नाही, थकत नाही, मरत पण नाही.

मरण्यावरून आठवलं. साध्या पेअरवाइज मोडमध्ये मधल्या जमिनीत कुणी मरत नाही, जेवढा करंट सोडला तेवढा पलीकडे पोचतो. फुलपाखराचं आयुष्य मोजक्या दिवसांचं, त्यात ऊन हवं, पाऊस नको, कोळी आहेत पक्षी आहेत. ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जमिनीतून गळती दाखवता येते, प्रत्येक पिक्सेलला थोडंसं अर्थिंग द्यायचं, पण ते कितीचं द्यायचं हा आकडा परत तुम्हीच आणायचा. मृत्यू नीट धरायचाच असेल तर आर या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एसएएमसी हे पॅकेज बघा, त्यात हालचाल आणि मृत्यू वेगवेगळे देता येतात आणि दिशाही देता येते. त्याचं गणित थोडं वेगळ्या घराण्यातलं आहे, पण सर्किटस्केप वापरलेल्याला समजायला जड जाणार नाही. आणि एकेका फुलपाखराचं वागणं, जन्म, मृत्यू, पिढ्या असं सगळं हवं असेल तर रेंजशिफ्टर नावाचं सॉफ्टवेअर. पण मग माहिती पण तेवढी लागते, ती नसेल तर नुसत्या कल्पनेवर कल्पना.

पिक्सेलच्या आकाराबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून मी जरा जास्तच बोलते. लँडसॅट या सॅटेलाइटचा पिक्सेल ३० मीटरचा, सेंटिनेल २ या सॅटेलाइटचा चांगला म्हणजे १० मीटरचा. झुडपांची रांग असते दोन-तीन मीटर रुंद. जंगलातली मोकळी पायवाट पण तेवढीच. ही नकाशात येतच नाही, आणि फुलपाखराला नेमकी हीच कामाची असते. इंग्लंडमध्ये मंक्स वुड या जंगलात रिंगलेट फुलपाखरावर काम झालं होतं १९९६ मध्ये, त्यात जंगलातल्या मोकळ्या जागांमध्ये ये-जा करायला उघड्या वाटा मदत करताना दिसल्या. तुमच्या ३० मीटरच्या नकाशात तिथे एकसलग हिरवा जंगलाचा ठोकळा दिसेल आणि सॉफ्टवेअर म्हणेल वाट बंद. याच्या बरोबर उलटंही होतं. रस्ता किंवा नदी तिरकी जात असेल आणि नकाशात एका पिक्सेलएवढीच बारीक असेल तर आठ शेजाऱ्यांची (कोपऱ्यातले तिरके पिक्सेल धरून) जोडणी चालू असताना करंट कोपऱ्याकोपऱ्यातून पलीकडे निसटतो, आणि जो अडथळा आहे तो दिसतच नाही. उपाय साधा आहे, अडथळा जरा जाड काढा किंवा चार शेजाऱ्यांची सेटिंग वापरा, पण आधी माहिती पाहिजे की असं होतं.

अजून एक, नकाशाची कड. नकाशा जिथे कापलाय तिथे करंटच्या दृष्टीने जग संपलं, भिंत आली. मग कडेजवळचा करंट आत ढकलला जातो आणि तिथे उगाच लालभडक चिंचोळी वाट दिसते (लाल म्हणजे करंट जास्त). अशी लाल वाट बघून एखादी जमीन वाचवायची ठरली तर? म्हणून अभ्यासाच्या जागेभोवती चांगली रुंद पट्टी जास्तीची घ्या आणि निकाल दाखवताना ती कापून टाका. तसंच, तुकड्यांच्या अगदी शेजारी करंट नेहमीच जास्त दिसतो, तो तिथून निघतो म्हणून, त्यात काही शोध लागलेला नाही. हा कचरा टाळायला काही जण तुकडेच नसलेली पद्धत वापरतात, ऑम्निस्केप नावाची, सर्किटस्केपच्याच घरातली, एक गोल खिडकी अख्ख्या नकाशावर फिरवत प्रत्येक जागेसाठी करंट मोजते. खिडकीचा आकार म्हणजे प्राण्याची पल्ला मारायची ताकद. सामान्य, कुरणात कुठेही दिसणाऱ्या जातींसाठी मला ते जास्त पटतं, कारण त्यांचा तुकडा कुठे संपतो हेच सांगता येत नाही. एकाच रोपावर जगणाऱ्या नखरेल जातींसाठी मात्र तुकडेवाली जुनी पद्धतच बरी.

पल्ल्यावरून सांगायचं म्हणजे, फुलपाखरू किती लांब जातं याचे आकडे जपून घ्या. पंखावर बारीक पेनने नंबर टाकून सोडायचं आणि परत पकडायचं ही पद्धत स्वस्त आणि चांगली आहे, पण जितकं क्षेत्र मोठं शोधाल तितकं जास्तीत जास्त अंतर मोठं निघतं, हे वेगवेगळे अभ्यास एकत्र ठेवून दाखवलेलं आहे. छोट्या माळावर केलेल्या अभ्यासातला आकडा उचलून मोठ्या नकाशावर टाकला की फुलपाखरू उगाच आळशी ठरतं. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये पीकॉक आणि स्मॉल टॉर्टॉइजशेल या फुलपाखरांच्या पाठीवर चिमुकला ट्रान्सपाँडर (रडारला ओळखू येणारं उपकरण) चिकटवून हार्मोनिक रडारने पूर्ण उड्डाणं टिपली होती, सुसाट सरळ उड्डाण आणि हळू, वळणावळणाचं उड्डाण असे दोन प्रकार स्वच्छ दिसले. असा डेटा हाताशी असेल तर रोधाचे आकडे नुसत्या अंदाजाने भरायला नकोत. पण असा डेटा फार थोड्या जातींचा आहे.

मग या नकाशांवर विश्वास कधी ठेवायचा? प्रत्यक्ष प्रयोगाशी जुळतात तेव्हा. आणि कॉरिडॉर चालतात हे प्रयोगाने दाखवलंय, त्यात शंका नको. साउथ कॅरोलायनात सवाना नदीच्या काठच्या पाइनच्या जंगलात निक हॅडॅड आणि मंडळींनी जंगल कापून मोकळे चौकोन बनवले, मधला एक चौकोन, भोवती चार, त्यातला एकच मधल्याशी १५० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद पट्टीने जोडलेला. अशी आठ ठिकाणं. बकआय आणि व्हेरिगेटेड फ्रिटिलरी ही दोन्ही फुलपाखरं जोडलेल्या चौकोनात न जोडलेल्यांपेक्षा जास्त गेली. यातली खरी मेख अशी की न जोडलेल्या काही चौकोनांना कॉरिडॉरएवढंच क्षेत्रफळ पंखांसारखं बाजूला वाढवून दिलं होतं, म्हणजे कुणी म्हणू नये की जागा जास्त मिळाली म्हणून फुलपाखरं आली. आणि हॅडॅड यांनीच आधी हेही दाखवलं होतं की जंगलाच्या कडेवर फुलपाखरू कसं वागतं, वळतं की आत घुसतं, यावरून ते कॉरिडॉर वापरेल का हे सांगता येतं. परत काठच! सगळे रस्ते काठाकडेच येतात आणि आपण मात्र आतल्या पिक्सेलला आकडे देत बसतो.

कुणी विचारेल, मग एवढी कुरकुर आहे तर चार स्टार कशाला? कारण फुकटात, तुलनेने कमी माहितीत, अख्ख्या प्रदेशाचं चित्र एका नकाशावर दुसरं काय देतं? फिनलंडच्या ऑलंड बेटांवर इल्का हान्स्की यांनी सुरू केलेलं काम बघा, ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या एका फुलपाखरासाठी साधारण ४००० कोरडी कुरणं, दर शरद ऋतूत १९९३ पासून प्रत्येकात जाऊन सुरवंटांची रेशमी घरटी शोधतात. कुठलं कुरण रिकामं झालं, कुठलं परत भरलं, सगळी नोंद. असं काम असेल तर सॉफ्टवेअरची गरज वेगळीच होते, पण असं काम जगात किती ठिकाणी आहे? बाकी सगळ्यांना दोन-चार मोसमांच्या नोंदी आणि एक सॅटेलाइट नकाशा घेऊनच निर्णय घ्यावे लागतात, कुठला माळ वाचवायचा, रस्ता कुठून न्यायचा नाही. तिथे सर्किटस्केप बरं पडतं, फक्त त्यातून आलेला नकाशा तपासायचा एक अंदाज म्हणून वापरा आणि त्यावरून सर्व्हे कुठे करायचा ते ठरवा.

घेणाऱ्यांना शेवटचं प्रॅक्टिकल. रोधाचे आकडे एकदाच भरून मोकळे होऊ नका. जंगलाला १० दिले होते तर ३ देऊन बघा, ५० देऊन बघा, आणि मोकळ्या ओसाड जागेचा आकडा एकदा वर आणि एकदा खाली करून बघा, फेंडर्स ब्लूची गोष्ट आठवून. सगळ्या वेळा तीच चिंचोळी जागा लाल राहिली तर तिथे जाऊन उभं राहण्यात अर्थ आहे. दर वेळी लाल जागा पळत असेल तर तो नकाशा कुणाला दाखवू नका. जनुकीय नमुने असतील तर आरमधलं रेझिस्टन्सजीए हे पॅकेज वापरून आकडे डेटावरूनच शोधता येतात, वेळ खातं पण डोक्याने लिहिलेल्या आकड्यांपेक्षा केव्हाही बरं. आणि इन्स्टॉल केल्या केल्या स्वतःचा नकाशा घालायची घाई नको, सोबत उदाहरणाच्या छोट्या फाइल्स मिळतात त्या आधी चालवा, त्या चालल्या म्हणजे बाकी एरर आला तर तो तुमच्या रास्टरमध्ये (पिक्सेलच्या नकाशात) आहे, बहुतेक वेळा दोन फाइल्सच्या रांगा-रकान्यांची संख्या जुळत नसते किंवा नो-डेटाचा, म्हणजे माहिती नसलेल्या पिक्सेलचा, आकडा चुकलेला असतो.